एअरफ्लोची ग्रिड कशी वाचावी: वरची पट्टी सोडा, आतले चौकोन बघा

बुधवारी सकाळी अहवाल बघणारी सहकारी माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "अगं, रविवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही दिवसांचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे कसे?" मी एअरफ्लो उघडला, म्हणजे आमची रात्रीची माहिती हलवायची कामं ठरल्या वेळी आणि ठरल्या क्रमाने चालवणारं सॉफ्टवेअर. तिन्ही रात्रींच्या पट्ट्या हिरव्यागार होत्या. मी तिला सांगून टाकलं की आमच्याकडे सगळं नीट चाललंय, मूळ माहिती जिथून येते तिथे विचार. तिने तिथे दोन तास घालवले. दुपारी कळलं की आमच्या टेबलात शनिवारनंतर एकही नवी ओळ आलेली नव्हती.

तिचे ते दोन तास मला अजून टोचतात. हिरवा रंग बघून मी उत्तर दिलं होतं, आत काय झालं ते बघून नाही. त्यानंतर मी रनचा, म्हणजे कामाच्या एकेका फेरीचा, इतिहास कुठल्या क्रमाने वाचायचा ते स्वतःसाठी ठरवलं, आणि टीममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शेजारी बसवून तोच दाखवते. इथेही तोच लिहिते आहे. मी आवृत्ती २.१० वर काम करते. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये पडद्याची मांडणी बरीच बदलली आहे, पण वाचायची रीत तीच राहते. फरकाने घोटाळा होऊ शकतो तिथे तसं सांगेन.

ग्रिड म्हणजे काय दिसतं

डॅग म्हणजे क्रमाने जोडलेल्या टास्कची, म्हणजे छोट्या कामांची, साखळी. त्याच्या नावावर क्लिक केलं की डावीकडे ग्रिड उघडते. २०२२ मध्ये २.३ आवृत्तीत जुन्या ट्री व्ह्यूच्या जागी ती आली. प्रत्येक उभा स्तंभ म्हणजे एक रन, प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक टास्क. जिथे दोन्ही छेदतात तिथला छोटा चौकोन म्हणजे त्या रनमध्ये त्या टास्कचं काय झालं ते. स्तंभाच्या माथ्यावर उभी पट्टी असते. तिची उंची म्हणजे रनला लागलेला वेळ, तिचा रंग म्हणजे पूर्ण रनची स्थिती. मूळ सेटिंगप्रमाणे शेवटचे २५ रन दिसतात, वरच्या यादीतून संख्या वाढवता येते. ज्या स्तंभावर प्लेचं छोटं चिन्ह असेल तो रन कुणीतरी हाताने सोडलेला आहे.

रंगांपैकी हिरवा आणि लाल कुणालाही कळतात. शिकून घ्यायचे ते मधले. नारिंगी म्हणजे हा टास्क स्वतः फसला नाही, याच्या आधीचा कुणीतरी फसला म्हणून याला संधीच मिळाली नाही. गुलाबी म्हणजे मुद्दाम वगळला. सोनेरी पिवळा म्हणजे एकदा फेल झालाय आणि पुन्हा प्रयत्न करायची वाट बघतोय. राखाडी म्हणजे रांगेत उभा आहे, अजून कुणी उचललेला नाही. रंग डोळ्यांना फसवतात, शिवाय आवृत्तीगणिक छटा बदलतात, म्हणून चौकोनावर माउस नेऊन स्थितीचं नाव वाचा. मला आता रंग पाठ आहेत, तरी मी नाव वाचते.

मग पट्टी हिरवी का होती

आमच्या डॅगमध्ये सहा टास्क एकामागून एक होते: फेच (फाइल्स आणणं), चेक, लोड (टेबलात भरणं), समरी, रिपोर्ट आणि शेवटी क्लीनअप. क्लीनअपचं काम तात्पुरत्या फाइल्स पुसायचं. काही बिघडलं तरी डिस्क भरू नये, म्हणून त्याचा ट्रिगर रूल (कधी चालायचं याचा नियम) आम्ही 'ऑल डन' ठेवला होता, म्हणजे आधीचे पास होवोत की फेल, ते संपले की याने चालायचं.

त्या रविवारी लोड फेल झाला, कारण टेबलातल्या एका रकान्याचं नाव कुणीतरी बदललं होतं. समरी आणि रिपोर्ट नारिंगी झाले. क्लीनअप मात्र ठरल्याप्रमाणे चालला आणि हिरवा झाला. आता नियम बघा: पूर्ण रन पास की फेल हे एअरफ्लो सगळ्या टास्कवरून ठरवत नाही. ज्यांच्यापुढे दुसरा टास्क नाही अशा शेवटच्या टास्कवरून ठरवतो. आमच्या साखळीचं टोक एकच होतं, क्लीनअप. तो हिरवा, म्हणून पट्टी हिरवी. फेल झाल्यावर मेसेज पाठवायची सोयही आम्ही पूर्ण डॅगच्या पातळीवर लावलेली होती, टास्कच्या नाही. रन फेल ठरलाच नाही, त्यामुळे मेसेजही गेला नाही. सॉफ्टवेअर त्याच्या कागदपत्रांत लिहिल्याप्रमाणेच वागलं होतं. जोडणी आमची चुकली होती.

ग्रिडवर हे सगळं तीन दिवस उघड्यावर होतं. प्रत्येक स्तंभात एक लाल आणि दोन नारिंगी चौकोन. मी फक्त माथा बघत होते.

म्हणून पहिली सवय ही: नजर वरून खाली न्या आणि शेवटच्या चौकोनापर्यंत जा. टास्क गटांत बांधलेले असतील तर गट उघडा, बंद गटाचा एकच चौकोन आतले पाच झाकतो. टास्क शंभरावर असतील तर मी ब्राउझ मेनूतल्या टास्क इन्स्टन्सच्या यादीत जाते, तिथे स्थिती 'फेल्ड' (लाल) आणि 'अपस्ट्रीम फेल्ड' (नारिंगी) अशी निवडून गाळते. वरच्या पट्टीने लपवलेलं सगळं त्या यादीत येतं.

कुठल्या दिवसाचा रन

इथे नवीन माणूस हमखास अडखळतो, आणि चूक महागात पडते, कारण चुकीच्या दिवसाचा रन पुन्हा चालवला जातो.

एअरफ्लो २०१४ मध्ये एअरबीएनबीमध्ये सुरू झाला तो साठलेली माहिती गठ्ठ्यागठ्ठ्याने हलवायला. गठ्ठा पूर्ण झाल्याशिवाय तो उचलता येत नाही. म्हणून रोजच्या डॅगमध्ये १० तारखेचा रन १० तारखेला चालतच नाही. १० तारीख संपते, मध्यरात्र उलटते, आणि मग ११ तारखेला तो चालतो. त्याच्यावर लावलेली तारीख मात्र १०. या तारखेला पूर्वी 'एक्झिक्युशन डेट' म्हणायचे, आणि त्या नावाने माणसं हमखास फसायची, कारण रन त्या तारखेला एक्झिक्यूट होतच नव्हता. २०२१ मध्ये २.२ आवृत्तीपासून तिला 'लॉजिकल डेट' म्हणतात, आणि सोबत 'डेटा इंटरव्हल' दिसते, म्हणजे माहिती ज्या काळातली त्याची सुरुवात आणि शेवट अशी जोडी.

स्तंभावर क्लिक करून उजवीकडच्या तपशिलात तीन गोष्टी शेजारी ठेवून वाचा: डेटा इंटरव्हलची सुरुवात, तिचा शेवट, आणि रन प्रत्यक्ष कधी सुरू झाला ती वेळ. 'कुठल्या दिवसाची माहिती?' याचं उत्तर पहिल्या दोन ओळींत आहे. 'काल रात्री चाललं का?' याचं तिसऱ्या ओळीत. दोन्ही प्रश्न एकाच तारखेवरून सोडवायला गेलात तर एका दिवसाची चूक ठरलेली.

३.० वर जाणार असाल तर हे खास लक्षात ठेवा. तिथे साध्या क्रॉन वेळापत्रकाची, म्हणजे 'रोज अमुक वाजता' अशा वेळापत्रकाची, मूळ वागणूक बदलली आहे. लॉजिकल डेट म्हणजे आता रन चालायची ठरलेली वेळच, आणि इंटरव्हलची सुरुवात नि शेवट एकच. जुनी वागणूक हवी असेल तर ती सेटिंगमधून परत आणता येते. पण न बघता वर गेलात, आणि टास्कमधला कोड लॉजिकल डेटवरून फाइलचं नाव बनवत असेल, तर तो कालच्याऐवजी आजची फाइल शोधू लागेल.

आणखी एक छोटी गोष्ट. पडद्यावरच्या वेळा मुळात यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, असतात. उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक करून त्या स्थानिक वेळेत बघता येतात. मी उलट करते, यूटीसीच ठेवते आणि टीममधल्या सगळ्यांना तेच ठेवायला सांगते. एकजण 'रात्री नऊचा रन' म्हणतो, दुसऱ्याच्या पडद्यावर तो पहाटेचा असतो, आणि दोघं वेगवेगळ्या रनबद्दल भांडत बसतात. हे मी पाहिलं आहे. रनबद्दल लिहून कळवायचं असेल तर तारीख सांगूच नका, पूर्ण रन आयडी चिकटवा. तो सहसा 'शेड्यूल्ड', 'मॅन्युअल' किंवा 'बॅकफिल' (मागच्या तारखा भरून काढणारा) अशा शब्दाने सुरू होतो, त्यामुळे रन कुणी सोडला तेही त्यातच कळतं.

चौकोनाच्या आत

लाल चौकोनावर क्लिक करा. लगेच लॉगवर, म्हणजे टास्क चालताना लिहिल्या गेलेल्या नोंदींवर, उडी मारायचा मोह होतो, तो अर्धा मिनिट आवरा आणि आधी तपशील वाचा. टास्क रांगेत कधी लागला, सुरू कधी झाला, संपला कधी. रांगेतला वेळ आणि चालण्याचा वेळ यांत गल्लत करू नका. "लोड आज चाळीस मिनिटं चालला" अशी तक्रार येते, आणि बघावं तर सदतीस मिनिटं तो रांगेतच उभा असतो. मग लोडचा कोड उसवण्यात अर्थ नाही, वर्कर, म्हणजे टास्क प्रत्यक्ष चालवणारे, कुणी अडवले होते ते बघायचं. गँट टॅबवर हे नुसत्या नजरेला दिसतं: प्रत्येक टास्कची आडवी पट्टी, आणि पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागा. रन सावकाश झाला की मी आधी या मोकळ्या जागा बघते.

आता लॉग. वर प्रयत्नांचे क्रमांक असतात: १, २, ३. रिट्राय, म्हणजे फेल झाल्यावर पुन्हा प्रयत्न, लावलेला नसेल तर एकच प्रयत्न होतो, मूळ सेटिंगमध्ये रिट्राय शून्य असतात. लावले असतील आणि मधला वेळ ठरवलेला नसेल, तर दोन प्रयत्नांत ५ मिनिटं जातात. सगळे प्रयत्न वाचा. शेवटचाच वाचण्याची सवय वाईट, कारण खरं कारण कित्येकदा पहिल्या प्रयत्नातच असतं. एकदा आमच्याकडे तिसऱ्या प्रयत्नाच्या लॉगमध्ये 'ही ओळ टेबलात आधीच आहे' असा एरर होता, आणि दोघांनी अर्धा दिवस दुबार नोंदी शोधण्यात घालवला. पहिल्या प्रयत्नात डेटाबेसचं कनेक्शन मध्येच तुटलं होतं, निम्म्या ओळी भरल्या गेल्या होत्या, आणि पुढचे दोन प्रयत्न त्या निम्म्या ओळींवर आपटत होते. पाणी मुरत होतं पहिल्या लॉगमध्ये आणि सगळे खणत होते तिसऱ्यात.

एका प्रयत्नाचा लॉग मात्र मी खालून वर वाचते. शेवटी ट्रेसबॅकची (एरर कोडमध्ये कुठून कुठे पोचला ते दाखवणाऱ्या ओळींची) शेवटची ओळ, जिथे एररचं नाव असतं. तिथून वर सरकत आपल्या स्वतःच्या फाइलचं नाव पहिल्यांदा दिसेल तिथे थांबायचं. त्याखालच्या बहुतेक ओळी लायब्ररीच्या पोटातल्या असतात. रविवारच्या लोडचा लॉग असाच उघडला तेव्हा कारण सापडायला एक मिनिटही लागलं नाही. शेवटच्या ओळीत सरळ लिहिलं होतं की या नावाचा रकाना नाही.

काही लॉगमध्ये ट्रेसबॅकच नसतो. मजकूर मध्येच तुटतो आणि शेवटी रिटर्न कोड -९ दिसतो. याचा अर्थ प्रोसेस स्वतः कोसळली नाही, ऑपरेटिंग सिस्टिमने तिला मारली, आणि बहुतेक वेळा कारण मेमरी. कोडमध्ये चूक शोधू नका, एका वेळी किती ओळी मेमरीत ओढल्या जातात ते बघा.

आणि कधी चौकोन लाल असतो पण लॉग कोराच. अशा वेळी टास्क वर्करपर्यंत पोचलाच नाही, किंवा वर्करच मध्ये मेला. टास्क चालू असताना तो आपण जिवंत असल्याची खूण देत राहतो. मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंद ती आली नाही की शेड्यूलर, म्हणजे काय कधी चालवायचं ते ठरवणारा एअरफ्लोचा भाग, त्याला मृत धरतो. इथे टास्कचा लॉग काही सांगणार नाही. शेड्यूलरचा लॉग आणि त्या वेळेला वर्करच्या मशीनवर काय झालं ते बघा.

कोऱ्या लॉगचं तिसरं कारण साधं आहे: लॉग होता, आता नाही. रनची नोंद डेटाबेसमध्ये असते, पण लॉग मुळात वर्करच्या डिस्कवरची फाइल असते. वर्कर कंटेनरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या बंदिस्त वातावरणात, चालत असेल तर कंटेनर गेला की फाइल गेली. म्हणून ॲमेझॉनच्या एस-३ सारख्या बाहेरच्या साठ्यावर लॉग पाठवायची सोय पहिल्याच दिवशी करून घ्या. गरज पडेल त्या दिवशी ती करून उपयोग नसतो.

जो रन झालाच नाही

फेल झालेला रन निदान लाल तरी दिसतो. न झालेल्या रनचा स्तंभच नसतो, आणि ग्रिडमध्ये स्तंभ एकमेकांना चिकटून उभे राहतात. मधला दिवस गायब असला तरी भोक दिसत नाही.

समजा कुणी शुक्रवारी डॅग थांबवला आणि मंगळवारी पुन्हा सुरू केला. 'कॅचअप' बंद असेल तर एअरफ्लो मधले दिवस भरून काढत नाही, फक्त सगळ्यात ताज्या इंटरव्हलचा रन सोडतो. ग्रिडवर गुरुवारच्या शेजारी सोमवारचा स्तंभ, दोन्ही हिरवे, आणि तीन दिवसांची माहिती कुठेच नाही. २ च्या मालिकेत कॅचअप मुळात चालू असायचा, ३.० पासून तो मुळात बंद आहे. म्हणजे नव्या आवृत्तीत ही भोकं जास्त पडू शकतात.

यासाठी कॅलेंडर टॅब बघा. महिन्यांच्या चौकटीत प्रत्येक दिवस आपल्या जागेवर असतो, त्यामुळे रिकामा दिवस रिकामाच दिसतो. मी दर सोमवारी महत्त्वाच्या चार डॅगचं कॅलेंडर उघडते. चारांना मिळून दोन मिनिटं लागतात.

डॅगच्या फाइलमध्ये चूक घुसली असेल तर ती फाइल वाचलीच जात नाही आणि नवे रन बनत नाहीत. मुख्य पानावर वर लाल पट्टीत इम्पोर्ट एरर दिसतो. आपण थेट एखाद्या डॅगचं पान बुकमार्क करून ठेवलं असेल तर मुख्य पान दिसतच नाही. माझा बुकमार्क आता मुख्य पानाचा आहे.

इतिहास बदलतो, हे ध्यानात ठेवा

ग्रिडकडे आपण नोंदवहीसारखं बघतो, पण ती नोंदवही पेन्सिलीने लिहिलेली आहे. दोन बटणांनी ती बदलते.

'क्लिअर' म्हणजे या टास्कची स्थिती पुसा आणि पुन्हा चालवा. सोबत आधीचे, पुढचे, मागच्या रनमधले, पुढच्या रनमधले असे पर्याय असतात. 'डाउनस्ट्रीम' हवाच, म्हणजे त्याच रनमधले पुढचे टास्क. 'फ्यूचर' म्हणजे यानंतरच्या तारखांच्या रनमधलाही हाच टास्क, आणि तो घाईत दाबला तर महिनाभराचे हिरवे चौकोन एकदम पुन्हा चालू लागतात. नक्की करण्याआधी एअरफ्लो कुठले टास्क बदलणार याची यादी दाखवतो. ती यादी मोजा. एका रनमधले चार टास्क अपेक्षित असतील आणि यादीत चाळीस दिसले तर मागे फिरा.

'मार्क सक्सेस' म्हणजे काम न करता चौकोन हिरवा करणं. त्याची गरज कधीकधी खरंच पडते, मी त्याच्या विरोधात नाही. पण नंतर बघणाऱ्याला तो हिरवा इतर हिरव्यांसारखाच दिसतो. ओळखायची खूण अशी: हिरवा चौकोन उघडल्यावर लॉग एररवर संपत असेल, किंवा लॉगच नसेल, तर तो बहुधा हाताने रंगवलेला आहे. कुणी आणि कधी ते इव्हेंट लॉगमध्ये सापडतं. काही आवृत्त्यांत त्याचं नाव ऑडिट लॉग आहे.

२.१० च्या आधी क्लिअर करून पुन्हा चालवलं की आधीच्या प्रयत्नांचे लॉग राहायचे, पण त्यांची सुरुवात, शेवट, लागलेला वेळ असा तपशील नव्या प्रयत्नाखाली गाडला जायचा. २.१० पासून प्रत्येक प्रयत्नाची नोंद वेगळी राहते. मला त्या आवृत्तीतली ही सगळ्यात मोलाची सोय वाटते. दुसरी गोष्ट डॅगच्या रचनेची: २ च्या मालिकेत ग्रिड आजच्या रचनेनुसार आखली जाते. आज एखादा टास्क काढून टाकला तर जुन्या रनमधली त्याची ओळही ग्रिडवरून जाते, आणि महिन्यापूर्वी काय चाललं होतं ते कळत नाही. ३.० मध्ये डॅगच्या आवृत्त्या जपल्या जातात, त्यामुळे जुना रन त्या वेळच्या रचनेत बघता येतो.

एअरफ्लो जुन्या नोंदी आपणहून काढत नाही, त्या साठत जातात. २.३ पासून त्यासाठी डीबी क्लीन ही आज्ञा आहे. ती चालवण्याआधी हिशेबवाले, तपासणीवाले यांना किती मागचा इतिहास लागतो ते विचारून घ्या.

आम्ही काय दुरुस्त केलं

आधी त्या तीन रात्री. लोडपासून क्लिअर करावं असं वाटत होतं, पण क्लीनअपने फाइल्स पुसल्या होत्या, म्हणून लोडला भरायला काही उरलंच नव्हतं. फेचपासून सुरुवात करावी लागली. मूळ फाइल्स सात दिवस जपल्या जात होत्या म्हणून वाचलो. टेबलातल्या रकान्याचं नाव कोडमध्ये बदललं, मग सगळ्यात जुनी रात्र आधी: रविवारच्या स्तंभातला फेच निवडला, डाउनस्ट्रीमसह क्लिअर केला, यादीत सहा टास्क आहेत ते मोजलं, चालवलं. सहाही चौकोन हिरवे झाल्यावर टेबलात जाऊन रविवारच्या ओळी मोजल्या, आणि मगच सोमवारला हात लावला. आमचा लोड आधी त्या दिवसाच्या ओळी काढतो आणि मग भरतो, त्यामुळे दुबार व्हायची भीती नव्हती. तुमचा लोड नुसता भर घालणारा असेल तर क्लिअर करण्याआधी अर्धवट भरलेल्या ओळी काढा.

मग डॅग. एक सातवा टास्क जोडला, वॉचर. तो बाकीच्या सगळ्या टास्कनंतर जोडलेला आहे, त्याचा ट्रिगर रूल 'वन फेल्ड' आहे, रिट्राय शून्य, आणि आत एकच काम: एरर फेकणं. सगळे पास झाले तर वॉचर वगळला जातो, चौकोन गुलाबी होतो आणि रन हिरवाच राहतो. कुणीही एक फेल झाला तर वॉचर चालतो, फेल होतो, आणि साखळीचं टोक तोच असल्यामुळे पट्टी लाल होते. ही रीत एअरफ्लोच्या कागदपत्रांतच दिलेली आहे. २०२३ मध्ये आलेल्या २.७ पासून दुसरा रस्ताही आहे: क्लीनअपला 'टेअरडाउन' (शेवटी आवरणारा टास्क) म्हणून घोषित करायचं, म्हणजे रनची स्थिती ठरवताना तो धरलाच जात नाही. नवीन डॅग आम्ही आता तसेच लिहितो. जुन्यात वॉचर ठेवला आहे, कारण चालू डॅगमध्ये एक टास्क जोडणं सोपं होतं.

वॉचर जोडल्यावर तो पास होतो का हे बघून आम्ही थांबलो नाही. चाचणीच्या मशीनवर लोडमध्ये मुद्दाम चुकीचं रकान्याचं नाव घातलं आणि रन सोडला. लोड लाल, समरी आणि रिपोर्ट नारिंगी, क्लीनअप हिरवा, वॉचर लाल, आणि वरची पट्टी लाल. मिनिटभरात मेसेजही आला. ती लाल पट्टी बघून माझा जीव भांड्यात पडला.

शेवटचं काम उरलं होतं ते नोंदींचं. २.५ पासून रनवर आणि टास्कवर छोटी टीप लिहिता येते, तपशिलाच्या पानावर तिची जागा आहे, आणि टीप असलेल्या चौकोनावर ग्रिडमध्ये खूण दिसते. त्या तीन रनवर मी लिहिलं: "पहिल्यांदा हिरवा दिसला तेव्हा लोड फेल होता, रकान्याचं नाव बदलल्यामुळे. बुधवारी फेचपासून क्लिअर करून पुन्हा चालवला, टेबलातल्या ओळी मोजून बघितल्या." मग त्या सहकारीकडे गेले आणि सकाळी मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं हे तिला सांगितलं. आकडे सारखे आहेत असं तिला पुन्हा कधी दिसलं तर थेट ग्रिड उघडता यावी म्हणून त्याच दुपारी तिला बघण्यापुरता प्रवेश मिळवून दिला, आणि पहिला लाल चौकोन तिच्याकडूनच उघडून घेतला.